कुपी कोणाच्या ताब्यात होती?

(जळगाव येथील व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 185, शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा, हे तुम्हाला ठाऊक आहे. दहा हजारांचा दंड तर काहींना अनुभवानंच ठाऊक असेल. (हशा) सलमान खानचा खटलाही तुम्ही टीव्हीवर माझ्याहून जास्त पाहिलाय. तो सोडून देतो. मला एकच सांगायचंय: हे खटले प्यालेल्या पेल्यावर ठरत नाहीत, रक्ताच्या कुपीवर ठरतात.

हा धडा खानदेशातूनच देशाला मिळाला. ‘उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, 1963. अपघात 1961 चा. रक्त काढलं धुळ्याच्या सिव्हिलमध्ये, शिक्षा एरंडोलच्या मॅजिस्ट्रेटची, अपील जळगावच्या सत्र न्यायालयात. तिथे उमगलं की रासायनिक तपासनिसाकडे पोचेपर्यंत कुपी कुठे, कोणाकडे होती याचा धड पुरावाच नाही. सत्र न्यायाधीश म्हणाले, खटला पुन्हा चालवा. सर्वोच्च न्यायालयानं ते मोडलं: सरकार पक्षाची भोकं बुजवायला फेरखटला नाही, अपील ऐका, लागला तर जादा पुरावा घ्या. मात्र डॉक्टरनं इलाजाच्या ओघात काढलेलं रक्तही पुरावा होऊ शकतं, हेही न्या. शहांनी बहुमताच्या निकालात सांगितलं. न्या. सुब्बा रावांचं मत वेगळं पडलं; त्यात आज शिरत नाही.

थोडं विषयांतर. दारूबंदी कायद्याखालचे रक्त-तपासणीचे 1959 चे नियम आहेत. सिरिंज उकळत्या पाण्यात घालायची, कातडी पाण्यानं पुसायची, अल्कोहोल कुठेही लागू द्यायचं नाही. निदान पाच सीसी रक्त, कुपीत रक्त गोठू-नासू नये म्हणून औषध, वर लाख आणि डॉक्टरची मोहोर. एका तालुक्याच्या कोर्टात आरोपीचा वकील म्हणून मी तरुण डॉक्टरांना विचारलं, “कातडी कशानं पुसली?” छाती काढून उत्तर आलं, “स्पिरिटनं. मी नेहमीच पुसतो!” सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. “कुपीत औषध होतं?” “ते कंपाउंडरला माहीत.” मग जमादार पिंजऱ्यात आले. कुपी कुठे ठेवली? फ्रिजमध्ये. फ्रिज कुठे? साहेबांच्या क्वार्टरमध्ये. त्यात भरिताची वांगीही होती का, हे विचारायचा मोह मी आवरला. (मोठा हशा)

(मागून आवाज : “मंग त्यास्ले सोडावस कोन?”)

आलं ध्यानात, दादा. वकिलाला शिव्या द्या, पण आधी मुद्देमालाचं रजिस्टर मागा. ते भरलेलं असलं की माझीही बोलती बंद होते. रक्ताचा पुरावा असला की काय होतं, पाहा: मुंबईच्या कार्टर रोडवर 2006 साली सात मजूर मोटारीखाली चिरडले गेले, चालकाच्या रक्तात 0.112 टक्के अल्कोहोल निघालं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही शिक्षा टिकली. उलट 1971 च्या करयानी निकालात तोंडाला वास, झोकांड्या, अडखळती जीभ, विस्फारलेल्या बाहुल्या हे सगळं होतं. रक्त-लघवीची तपासणीच नव्हती. न्यायालय म्हणालं, एवढ्यानं भागत नाही. हवालदाराच्या नाकावर तुमच्या पोराला आत टाकलेलं चालेल का? नाही ना? मग दुसऱ्याच्या पोरालाही तोच न्याय.

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं. मग पुण्याच्या कल्याणीनगरच्या अपघाताचं सांगत नाही; ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप सर्वांनी वाचलाय. पण त्याच मे 2024 मध्ये, त्याच्या आधी काही दिवस, आपल्या रामदेववाडीजवळ मोटारीनं चार जीव घेतले. (सभागृहात शांतता) अटक झाली ती पुण्याचा गाजावाजा झाल्यावर. गाडीत गांजा सापडल्याचं सांगितलं गेलं. त्या खटल्यावर मी बोलणार नाही. कायदा एवढाच सांगतो: दारूला 30 चा आकडा आहे, गांजाला आकडाच नाही. अंमलामुळे गाडीवरचा ताबा सुटला होता, हे सरकारला सिद्ध करावं लागतं. फुंकरीच्या यंत्राला गांजा कळत नाही. राहतं रक्त, आणि रक्तातला अंमल तासातासानं उतरतो. कलम 185 खाली अटक झाल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, असं कायद्यातच आहे.

अध्यक्ष उठले. तर उद्या कुणावर अशी वेळ आलीच, तर सिव्हिलमध्ये जा. रक्त किती वाजता काढलं, लाखेवर मोहोर कोणाची, कुपी कोणी नेली, हे त्याच रात्री कागदावर उतरवून घ्या. वकील सकाळी शोधा.