रस्त्याखालचा सुरुंग

दौंडास मी शिक्षक असतां मालगाडीवरून नगरकडे जाणारे रणगाडे दिसले, कीं मुलें टाळ्या पिटीत. अशा पोलादास कोण अडविणार! त्यांतलाच शिरूरकडचा एक विद्यार्थी १९८७ सालीं शांतिसेनेबरोबर श्रीलंकेंत जाफन्यास गेला. लिट्टेच्या बंडखोरांनीं तेथें सडकांखालीं, मोऱ्यांत स्फोटकें पुरलीं होतीं. दूर झाडींत दडलेला एखादा पोरगा विजेच्या तारा जुळवी, आणि गाडी उडे. चाळीस टनांहून जड रणगाड्याचें चिलखत समोर जाड, पोटाखालीं पातळ. घाव नेमका तेथें. ऑक्टोबरांत विद्यापीठाच्या मैदानावर उतरलेल्या जवानांच्या साह्यास रणगाडे निघाले, ते सुरुंगांच्या भयानें सडक सोडून आगगाडीच्या रुळांवरून! तेथेंही त्यांवर रॉकेटें आलींच. आमचा विद्यार्थी सुखरूप परतला, मात्र एस्‌.टी. मोरीवरून जाऊं लागली, कीं तो अजून दांडा घट्ट धरतो.