यंत्र आपले, मग कुलूप कोणाचे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मेळाव्यात आज आम्ही अमेरिकेतल्या एका व्हिडिओच्या खटल्याबद्दल बोलणार आहोत. खटला टीव्हीचा, पण सवाल आपल्या ओळखीचा: दाम मोजून घेतलेल्या वस्तूवर घेणाऱ्याची सत्ता किती?

१९७५ साली सोनी कंपनीने बेटामॅक्स हे यंत्र बाजारात आणले. टीव्हीवरचा कार्यक्रम घरी कॅसेटवर भरून घ्यायचा आणि सवडीने पाहायचा, एवढेच त्याचे काम. तोवर वेळ टीव्हीवाला ठरवी. आता पाहणारा ठरवू लागला. रात्रपाळीचा कामगार संध्याकाळचा कार्यक्रम सकाळी पाहू लागला.

सिनेमा कंपन्यांना हे खपले नाही. १९७६ साली युनिव्हर्सल आणि डिस्ने कोर्टात गेल्या. यंत्र करणारा, विकणारे दुकानदार, जाहिरात करणारा, इतकेच काय, घरी कार्यक्रम भरणारा एक साधा ग्राहकसुद्धा त्यांनी प्रतिवादी केला. विळ्याने चोरी झाली म्हणून लोहाराला धरण्यातलाच हा प्रकार!

१९७९ साली सोनी जिंकली, १९८१ साली अपिलात हरली. शेवटी १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: खुल्या प्रसारणातला कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी भरणे कायद्याविरुद्ध नाही, आणि ज्या यंत्राचा सरळ उपयोग मोठा आहे, ते विकणारा दोषी नाही. एका मताने पारडे फिरले.

पुढे काय झाले? बुडालो, बुडालो म्हणून ओरडणाऱ्या सिनेमा कंपन्यांनीच कॅसेटी विकून पैसा केला. ऐंशीचे दशक संपण्याआधी ते उत्पन्न तिकीटबारीच्या पुढे गेले. सोनी मात्र कोर्टात जिंकून बाजारात हरली, कारण जेव्हीसी कंपनीच्या व्हीएचएस कॅसेटवर जास्त वेळाचे चित्रण मावे. तो निवाडा ग्राहकाने केला. त्याला कोर्टाची गरज नव्हती.

केबलवर गोष्ट वेगळी झाली. साधी तार रेकॉर्डरला जोडली की एक चॅनेल पाहता पाहता दुसरे भरता येई. पण पैसे घेणारी चॅनेले कुलूपबंद होऊन पेटीतून येऊ लागली, तेव्हा पेटी जे सोडेल तेच रेकॉर्डर भरू लागला. १९९८ च्या अमेरिकन कायद्याने असे कुलूप तोडणे बेकायदा ठरवले. त्याच कायद्याने एक मर्यादाही घातली: विकतच्या कॅसेटी आणि जादा पैशाची चॅनेले यांच्या नकलेला अडसर घाला, पण खुले प्रसारण आणि साधी केबल घरच्या रेकॉर्डरवर भरण्याला घालू नका. कुलूप असावे की नाही यापेक्षा ते कुठवर असावे, हा खरा झगडा आहे.

आता शिवारात या. संकरित बियाण्यालाही कुलूप असते, पण ते निसर्गाचे. त्याच्या सरकीतून पुढच्या वर्षी एकसारखे पीक येत नाही. इथे वकील काही करू शकत नाही. सरळ वाणाचे तसे नाही. त्याचे बी घरी राखता येते. आपल्या देशात बीटी कापूस २००२ पासून आला तो बहुतेक संकरितच, म्हणून दर साली पाकीट घ्यावे लागते.

कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क देते. फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. नोंदणीकृत वाण सांगितल्याप्रमाणे उतरला नाही, तर भरपाई मागण्याची तरतूदही त्यातच आहे.

म्हणून आमचे सांगणे तीन गोष्टींचे. पाकिटाची पावती आणि लेबल हंगाम संपेपर्यंत जपा. घेताना विचारा, हा वाण सरळ की संकरित? आणि सरळ वाणात नवे तंत्रज्ञान मिळावे ही मागणी प्रत्येक बैठकीत मांडा.

नवे यंत्र, नवे बियाणे यांना आपला विरोध नाही. ते आपल्याला हवेच आहे. पण दाम आपण मोजायचे आणि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला, हे चालणार नाही.