डोमेन नावाचा धनी कोण?



आजचा विषय कायद्याचा असला तरी तो वकिलांपुरता नाही. दुकान असो, पतसंस्था असो, शाळा असो की प्रकाशनसंस्था, ज्यांच्या नावापुढे ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ लागले आहे त्या सगळ्यांना आज ना उद्या एक प्रश्न विचारला जाऊ शकतो: हे नाव तुमचेच, याला पुरावा काय? ‘आम्ही दरवर्षी पैसे भरतो’ एवढेच उत्तर बहुतेकांकडे असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. डोमेन नावावरचा हक्क कोणत्याही एका कागदाने सिद्ध होत नाही. नोंद कोणाच्या नावे आहे, ते नाव कोणी किती काळ आणि कशासाठी वापरले, आणि प्रत्यक्ष ताबा कोणाच्या हाती आहे, या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीकडे किंवा संस्थेकडे बोट दाखवतात तेव्हाच तो हक्क पक्का होतो. त्यांत फट पडली की वाद शिरतो. शिवाय वाद उभा राहिल्यावर पुरावा गोळा करायला बसणाऱ्याला कायदा फार उशिरा हात देतो. हे आज मला आधारासह मांडायचे आहे.

आधी ही व्यवस्था पाहू. जगभरच्या डोमेन नावांचे समन्वयन 1998 साली अमेरिकेत स्थापन झालेली आयकॅन ही संस्था करते. तिच्याखाली प्रत्येक शेपटीची एक रजिस्ट्री असते. ‘डॉट कॉम’ची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही कंपनी चालवते, आपल्या ‘डॉट इन’ची निक्सी ही भारतीय संस्था. रजिस्ट्रीखाली रजिस्ट्रार म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपन्या आणि त्यांच्याखाली तुम्हीआम्ही नोंदणीधारक. या साखळीत खरेदीखत कुठेच होत नाही. नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी मिळते आणि मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हे सातबाराच्या उदाहरणाने चटकन कळेल. सातबारा हा महसुली दप्तरातला उतारा. त्यातल्या किंवा फेरफारातल्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि जातही नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तरीही शहाणा शेतकरी सातबाऱ्यावरचे नाव चुकू देत नाही. डोमेनची नोंद याच जातीची आहे, फक्त अधिक नाजूक. सातबाऱ्यामागे निदान खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसाहक्क उभा असतो. डोमेनच्या नोंदीमागे असतो तो एक करार आणि तुमच्या वापराचा इतिहास.

केवळ नोंदीवर विसंबले तर काय होते, याचा धडा एका अमेरिकन खटल्यात आहे. गॅरी क्रेमेन यांनी 1994 साली ‘सेक्स डॉट कॉम’ हे नाव नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे नोंदवले. तेव्हा नोंदणीला पैसे पडत नव्हते. 1995 मध्ये स्टीफन कोहेन या इसमाने क्रेमेन यांच्या व्यवसायाच्या नावाने एक बनावट पत्र कंपनीला सादर केले. हे नाव आम्ही सोडून देत आहोत, असा त्याचा आशय. कंपनीने क्रेमेन यांना साधी विचारणाही न करता नाव कोहेनच्या हवाली केले. पुढची पाच वर्षे झगडण्यात गेली. नाव परत मिळाले, कोहेनविरुद्ध साडेसहा कोटी डॉलरचा हुकूमनामाही झाला, पण पैसे वसूल होण्याआधीच कोहेन मेक्सिकोला पळाला. मग क्रेमेन यांनी नेटवर्क सोल्यूशन्सला जबाबदार धरले. 2003 साली अपील न्यायालयाने दिलेल्या निकालाचे दोन भाग आपल्याला उपयोगी आहेत. पहिला असा, की क्रेमेन यांनी काहीच मोबदला दिला नव्हता, म्हणून कराराचा भंग झाल्याचा त्यांचा दावा टिकला नाही. दुसरा असा, की डोमेन नावाची व्याख्या नेमकी करता येते, त्यावर एकाचाच ताबा राहू शकतो आणि त्या ताब्याचा हक्क सांगता येतो, म्हणून ती मालमत्ता आहे. आणि मालकाला न विचारता ती दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याला जाब विचारता येतो. तत्त्व मोठे आहे, पण ते प्रस्थापित व्हायला फसवणुकीपासून आठ वर्षे लागली.

यावर एक सबळ आक्षेप आहे. ही मालमत्ताच नाही, ही निव्वळ सेवा आहे. टेलिफोन क्रमांकाची मालकी कोणी सांगतो का? हा आक्षेप पोकळ नाही. 2000 साली व्हर्जिनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अंब्रो कंपनीच्या खटल्यात जवळजवळ हेच म्हटले. डोमेन नाव हे सेवेच्या करारातून निर्माण होते, तेव्हा ऋणकोची डोमेन नावे धनकोला जप्त करून मागता येणार नाहीत, असा तो निकाल होता. म्हणजे एकाच देशातली दोन न्यायालये दोन टोकांना उभी होती. माझ्या मते या मतभेदाने मूळ मुद्द्याला बळच मिळते. मालमत्ता म्हणा वा करार म्हणा, तुमच्यावर सिद्ध करण्याची जी जबाबदारी येते ती सारखीच आहे. करार म्हटला तर तो कोणी केला आणि मोबदला कोणी दिला, हे दाखवावे लागेल. मालमत्ता म्हटली तर ताबा कोणाचा होता आणि तो संमतीशिवाय कसा गेला, हे दाखवावे लागेल. तत्त्वाचा निकाल काहीही लागो, पावती आणि पत्रव्यवहार लागणारच.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात किंवा 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यात डोमेन नावांच्या तंट्यांसाठी वेगळी तरतूद नाही. न्यायालयांनी आधार घेतला तो ‘पासिंग ऑफ’ या जुन्या तत्त्वाचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याच्या नावाने खपवण्याला मनाई करणाऱ्या तत्त्वाचा. मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये ‘रेडिफ’च्या तक्रारीवरून ‘रॅडिफ’ या सारख्या नावाला अटकाव केला आणि डोमेन नाव हे निव्वळ पत्त्याहून अधिक काही असते, त्याला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळाले पाहिजे, असे म्हटले. 6 मे 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात या विचारावर शिक्कामोर्तब केले. सत्यमने ‘सिफी’ हा शब्द घडवून 1999 पासून वापरला होता. प्रतिपक्षाने 2001 पासून एक ‘एफ’ वाढवून तसेच नाव घेतले. आमचे नाव पाच प्रवर्तकांच्या आद्याक्षरांवरून आले, असा त्यांचा खुलासा होता. न्यायालयाला तो पटला नाही. इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही, की दोन्ही पक्षांकडे नोंदणी होती. दोघांनी पैसे भरले होते आणि दोघांची नावे तांत्रिकदृष्ट्या वेगळी होती. तरी पारडे फिरले ते कोणाचे नाव लोकांच्या मनात आधी रुजले होते, त्याचा वापर, प्रसिद्धी आणि लौकिक यांचा पुरावा कोणाकडे होता, यावर.

मग कोणी म्हणेल, व्यापारचिन्ह नोंदवले की काम झाले, डोमेनची वेगळी काळजी कशाला? या समजुतीला निस्सान खटला उत्तर देतो. उझी निस्सान नावाच्या गृहस्थांनी आपल्या आडनावाने संगणकाचा व्यवसाय चालवला आणि 1994 साली ‘निस्सान डॉट कॉम’ घेतले. जपानी मोटार कंपनीने 1999 मध्ये त्यांच्यावर दावा लावला. अनेक वर्षे खटला चालला. त्या पानावर मोटारींच्या जाहिराती करण्यावर त्यांना बंधन आले, पण नाव त्यांच्याकडेच राहिले, कारण आडनाव त्यांचे स्वतःचे होते आणि त्या नावाचा धंदा डोमेन घेण्याआधीपासून चालू असल्याचे त्यांना दाखवता आले. आयकॅनने 1999 पासून लागू केलेली यूडीआरपी ही तंटा-निवारणाची पद्धतही हाच विवेक बाळगते. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव आपल्या चिन्हाशी जुळते किंवा गोंधळ होण्याइतके सारखे आहे, धारकाला त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते अप्रामाणिक हेतूने नोंदवले व वापरले. ‘डॉट इन’साठीची भारतीय पद्धत लवादाच्या कायद्याखाली चालते आणि तिच्यात शेवटची अट थोडी सैल आहे: नोंदणी किंवा वापर यांपैकी एकात अप्रामाणिकपणा दिसला तरी पुरतो. म्हणजे मोठ्या कंपनीला मोठी म्हणून नाव मिळत नाही आणि छोट्याला आधी आला म्हणून अभय मिळत नाही.

‘आधी येईल त्याला मिळेल’ हाच नियम न्याय्य, असे म्हणणाऱ्यांचा पक्षही ऐकला पाहिजे. 2024 साली ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ हे नाव आधीच घेऊन ठेवणाऱ्या दिल्लीतल्या एका तरुणाने केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च मागितला, तेव्हा त्याच्याविषयी अनेकांना सहानुभूती वाटली. त्याने भविष्य ओळखले, यात गैर काय, असे विचारले गेले. सर्वसाधारण शब्द घेऊन ठेवणे, पुढे विकणे, हा कायदेशीर व्यापार आहे आणि तो असू द्यावा. पण ओळखीच्या चिन्हाच्या मालकालाच खर्चापेक्षा जास्त किमतीत विकता यावे, या मुख्य हेतूने नाव घेणे हे यूडीआरपीच्या नियमांत अप्रामाणिक हेतूचे लक्षण मानले आहे. रांगेत पहिले उभे राहिल्याने नोंद मिळते. दुसऱ्याच्या लौकिकावर हक्क मिळत नाही.

तिसरी गोष्ट ताब्याची, आणि प्रत्यक्षात सर्वाधिक नुकसान इथेच होते. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीच्या, लॉगिनसाठी लागणाऱ्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’चे 35 डॉलरचे नूतनीकरण राहून गेले आणि तिच्या हॉटमेल या ईमेल सेवेच्या वापरकर्त्यांना आत शिरता येईना, शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने ते पैसे भरले. 2021 च्या जानेवारीत पर्ल या संगणकभाषेच्या प्रकल्पाचे ‘पर्ल डॉट कॉम’ हे जुने नाव चोरीला गेले. चोरांनी काही महिने आधीच खात्यात शिरकाव केला, मग रजिस्ट्रार बदलण्याआधी वाट पाहिली, असा त्या प्रकल्पातल्या मंडळींचा निष्कर्ष होता. ते नाव परत मिळाले, कारण धारकाचा जुना इतिहास सगळ्यांना माहीत होता. आपल्याकडे चोराची गरजही लागत नाही. संकेतस्थळ बनवून देणारा आपल्याच ईमेलवर, आपल्याच नावाने डोमेन घेतो. संस्थेला पत्ताही नसतो. पुढे बिलावरून बिनसले की कागदोपत्री धारक तोच ठरतो. 2018 नंतर युरोपच्या खासगीपणाच्या कायद्यामुळे नोंदींतला बराच तपशील जाहीर दिसत नाही, त्यामुळे बाहेरून पाहून ही गफलत कळतही नाही.

‘कोर्ट आहे की’ हा शेवटचा आक्षेप. कोर्ट आहेच, पण त्याच्या मर्यादा पाहा. यूडीआरपीखाली नाव परत मिळते किंवा रद्द होते, नुकसानभरपाईचा रुपया मिळत नाही. ‘डॉट कॉम’सारख्या नावाची मुदत संपल्यावर रजिस्ट्रीतून ते काढले गेले, की सोडवून घ्यायला 30 दिवस आणि त्यानंतर 5 दिवसांनी ते कोणालाही खुले, हे घड्याळ तारखांवर तारखा पडल्याने थांबत नाही. पुराव्याचेही नियम कडक झाले आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना प्रमाणपत्र लागते, त्यात हॅश मूल्य आणि तज्ज्ञाची सही लागते. वेळीच जपून न ठेवलेला ईमेल त्या दिवशी कुठून आणणार?

रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव शेपटीखाली यायला सांगितले, ते बनावट नावांनी होणारी फसवणूक आधीच रोखण्यासाठी. नावाचा खरेपणा ग्राहकाने तपासत बसण्यापेक्षा नोंदणीच्या दारातच तो तपासला जावा, असा तो विचार. आपल्या छोट्या संस्थांना असे राखीव दार नाही. उलट 2014 पासून देवनागरीतली ‘डॉट भारत’ नावेही मिळतात. मराठी नावाची संस्था रोमन नाव घेऊन थांबली तर देवनागरी नाव दुसऱ्याला मोकळे राहते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. प्रत्येक संस्थेने एक फाइल करावी. पहिल्या नोंदणीची पावती, प्रत्येक नूतनीकरणाचे बिल, रजिस्ट्रारचे ईमेल, नोंदणीधारकाच्या तपशिलाची दरवर्षीची प्रत, संकेतस्थळाच्या जुन्या पानांच्या दिनांकित प्रती, जाहिराती आणि छापील कागदांवरचे नाव, आणि संकेतस्थळ करून देणाऱ्याशी ‘नाव संस्थेचे’ असा लेखी करार. नोंद संस्थेच्या नावे, ईमेल संस्थेचा, पासवर्ड दोन जबाबदार माणसांकडे, हस्तांतरावर कुलूप, आणि मुदत शक्य तितकी लांब. हा सगळा खटाटोप एका दुपारचा आहे. ती दुपार याच आठवड्यात काढा.