वाणीचे तप आणि डोंगरीचे १०१ दिवस

सज्जनहो, गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तीन तपे सांगितली. शरीराचे, वाणीचे आणि मनाचे. एकादशी आपण धरतो. उपासाला साबुदाणा चालतो का, वरई चालते का, हे विचारतो. शिवी चालते का, हे कोणी विचारीत नाही! निवडणूक लागली की वाणीचे तप आधी मोडते. वर म्हणायचे, "आम्ही खरे तेच बोलतो हो." अहो, भगवंतांनी खऱ्याच्या जोडीला न टोचणारे आणि हिताचेही मागितले आहे. आणि तुमचे खरे उद्या खोटे निघाले तर?

ऐका. १८८१ साली पुण्यात केसरी आणि मराठा निघाले. केसरीचे संपादक आगरकर, मराठ्याचे टिळक. दोघेही पंचविशीतले. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ चालला आहे, या बातमीने त्यांचे काळीज तुटले. त्या भरात तिथले कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप छापले. बर्व्यांनी फिर्याद केली. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट ठरली. महाराजांचे दुःख काही खोटे नव्हते बरे का! पण कळवळा खरा म्हणून आरोप खरा होत नाही.

दोघांनी माफी मागितली. तरी चार महिन्यांची कैद झालीच. त्यातले १०१ दिवस मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले.

आणि आपली माफी कशी असते? "कोणाचे मन दुखावले असल्यास." असल्यास? समोरचा माणूस वर्षभर सप्त्याच्या पंगतीत तुमच्या शेजारी बसत नाही, सख्खा चुलतभाऊ, आणि तुम्हाला अजून असल्यास? शब्द काय होता, तर "पैसे खाल्ले." पुरावा तेव्हाही नव्हता, आजही नाही. पारावर पन्नास माणसांत बोललात ना, मग रात्री गुपचूप फोन करून ते फिटत नाही. त्याच पारावर, त्याच माणसांत, नाव घेऊन सांगावे लागते, की मी बोललो ते खोटे होते. मत त्यालाच द्या असे मी म्हणत नाही. त्याच्या विरोधात खुशाल उभे राहा.

आता एक राहिले. खटल्यात जामीन लागला दहा हजारांचा. त्या काळचे दहा हजार! उभे कोण राहिले? रामशेठ उरवणे. त्यांना कोणी उभे केले? जोतीराव फुल्यांनी. टिळकांची आणि फुल्यांची वाट एक नव्हती, पुढेही झाली नाही. फुल्यांनी आपले मत तसूभर सोडले नाही. जामीन मात्र दिला.

तुमच्यासाठी समोरच्या पक्षातला कोण उभा राहील? घरी जाईपर्यंत एक नाव आठवून पाहा. विठ्ठल, विठ्ठल.