दोन लॅपटॉप, एक केबल आणि 169.254

मरोळला माझ्या रूममेटच्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली. आत त्याच्या गेलेल्या वडिलांचे फोटो, दुसरी कॉपी कुठेच नाही. म्हणून दोन्ही लॅपटॉप थेट लॅन केबलने जोडले. क्रॉसओव्हर केबल शोधत लॅमिंग्टन रोडला धावू नका. गिगाबिट पोर्ट तारा स्वतःच जुळवून घेतात.

पोर्टचे दिवे लागले, पण पिंग जाईना. आयपी 169.254 ने सुरू होणारा. लोक इथेच घाबरतात. अहो, पत्ता वाटणारा राउटर मध्ये नाही, म्हणून मशीनने स्वतःच एक घेतला, एवढंच! त्यावरही काम चालतं. मी मात्र हाताने 192.168.50.1 आणि 192.168.50.2 दिले, मास्क 255.255.255.0, गेटवे रिकामा.

तरी पिंग नाहीच. खरा आडमुठा निघाला विंडोजचा फायरवॉल. अनोळखी नेटवर्कला तो ‘पब्लिक’ धरतो आणि पिंगला उत्तरच देत नाही. अख्खा फायरवॉल बंद करायचा मोह आवरा. त्यातल्या ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’समोर ‘पब्लिक’ची खूण करा आणि काम झालं की आठवणीने काढा, नाहीतर कॅफेच्या वाय-फायवर दार उघडंच!

पिंग आला. मग फोल्डर शेअर केला आणि कॉपी सुरू. पहिले वडिलांचे फोटो, सिनेमे डिस्क टिकली तर.