नव्या राष्ट्राच्या जुन्या नोटा

(शतसांवत्सरिक व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. पण त्या दिवशी वाण्याच्या गल्ल्यात पडलेल्या नोटेवर सहाव्या जॉर्जचीच छबी होती. दुसऱ्या दिवशीही होती आणि पुढली दोन-अडीच वर्षेही होती. २६ जानेवारी १९५० पर्यंत कायद्याच्या भाषेत भारत ‘डोमिनियन’ होता आणि जॉर्ज त्याचा राजा होता, हे आज अनेकांच्या ध्यानात नसते. त्या नोटांवर सही असे चिंतामणराव देशमुखांची. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. ऑगस्ट १९४३ ते जून १९४९ ही त्यांची कारकीर्द. महायुद्ध, फाळणी, स्वातंत्र्य या साऱ्यांतून तीच सही पुढे चालत आली. त्यामुळे देशमुखांच्या सहीची नोट हाती आली, तरी ती पारतंत्र्यातली की स्वातंत्र्यातली हे नुसत्या दर्शनावरून सांगता येत नाही.

राजाला उतरवायचे तर त्याच्या जागी कोणाला बसवायचे, हा प्रश्न सोपा नव्हता. प्रथम महात्मा गांधींच्या चित्राचा विचार झाला, नमुनेही तयार झाले. परंतु अखेरीस मत सारनाथच्या सिंहशीर्षाकडे वळले. १९४९ साली एक रुपयाची नवी नोट निघाली. ही नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते. तिच्यावर गव्हर्नरांची नव्हे, अर्थसचिवांची सही असते. संग्राहक येथे एक गंमत सांगतात. के. जी. आंबेगावकर यांनी अर्थसचिव म्हणून एक रुपयाच्या नोटांवर सही केली. पुढे १९५७ मध्ये ते काही आठवडे गव्हर्नर झाले, पण त्या नात्याने त्यांची सही एकाही नोटेवर आली नाही.

१९५० मध्ये दोन, पाच, दहा आणि शंभराच्या नोटा आल्या, बेनेगल रामराव यांच्या सहीच्या. त्यांची ठेवण बहुतांशी जुनीच होती. दहाच्या नोटेच्या पाठीवरचे शिडाचे गलबत तर राजाच्या नोटेवरून जसेच्या तसे आले. खरी खळखळ झाली ती भाषेची. १९५३ पासून हिंदीला नोटेवर ठळक स्थान मिळाले आणि ‘रुपया’चे अनेकवचन काय, यावर वाद झाला, तो ‘रुपये’च्या बाजूने सुटला. त्यामुळे जुन्या नोटांत ‘रुपया’ आणि ‘रुपये’ असे दोन्ही पाठ सापडतात. पोथ्यांचे पाठभेद ताडून पाहणाऱ्या मंडळींना यातले सुख वेगळे सांगायला नको.

फाळणीची साक्ष देणारी नोट मात्र याहून बोलकी आहे. नव्या पाकिस्तानजवळ स्वतःचा छापखाना नव्हता. तेव्हा नाशिकच्या मुद्रणालयातूनच राजाच्या छबीच्या नोटांवर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ हे शब्द इंग्रजीत आणि त्याच अर्थाचे शब्द उर्दूत घालून नोटा तयार झाल्या आणि १ एप्रिल १९४८ पासून तिकडे चलनात आल्या. ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणून काम आपलीच रिझर्व्ह बँक पाहत होती. घर वाटून झाले तरी काही दिवस चूल एकच राहावी, तसा हा प्रकार.

आता सर्वांच्या मनातला प्रश्न : या नोटांना किंमत किती? उत्तर ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो. नोट जुनी आहे एवढ्याने ती मोलाची ठरत नाही. लाखोंनी छापलेली, हातोहात फिरून लिबलिबीत झालेली नोट सत्तर वर्षांनीही किरकोळच राहते. उलट १९५४ मध्ये निघालेल्या आणि जानेवारी १९७८ मध्ये रद्द झालेल्या पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा दुर्मीळ आहेत. मुदतीत त्या बँकेत परत गेल्या, घरात राहिल्या नाहीत. किती छापल्या यापेक्षा किती उरल्या, हे आधी पाहावे लागते. त्यानंतर प्रत. कोरी करकरीत नोट आणि मधोमध एक घडी पडलेली नोट यांच्या भावात मोठे अंतर पडते. त्या काळी बँका गड्ड्यांना तारेचे टाके मारीत, म्हणून डाव्या बाजूची छिद्रे जाणकार चालवून घेतात. फाटलेला कोपरा चालवून घेत नाहीत. पाकिस्तानच्या अक्षरांच्या नोटेबाबत तर दुप्पट सावध राहावे. राजाची साधी नोट सहज मिळते आणि तिच्यावर चार शब्द उमटवण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो.

शेवटी ७८६ आकडा असलेल्या नोटेला लाखो रुपये देऊ, अशा जाहिरातींनी अनेकांना नादी लावले आहे. आधी ‘शुल्क’ भरायला सांगतात आणि मग गिऱ्हाईक नाहीसे होते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले की अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि असले कोणतेही शुल्क ती घेत नाही.

हैदराबादच्या श्रोत्यांपुढे हाली सिक्क्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. निजाम सरकारने १९१८ च्या कायद्याने स्वतःच्या नोटा काढल्या. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार, हा हिशेब इथल्या जुन्या घरांत तोंडपाठ असे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेले तरी हाली रुपया लगेच गेला नाही. काही वर्षे दोन्ही चलने एकाच तिजोरीत नांदली. या नोटांचा मुख्य मजकूर उर्दूत असे. पण किंमत तेलुगू आणि कानडीबरोबर मराठीतही छापलेली असे. दरबाराची भाषा उर्दू असलेल्या राज्याने मराठी रयतेसाठी नोटेवर एवढी जागा ठेवली, ही गोष्ट लिलावातल्या भावात मोजली जात नाही. इथल्या मराठी ग्रंथालयाला मात्र ती मोजता यायला हवी.

म्हणूनच एक विनंती. आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत, पोथीच्या बासनात अशी नोट सापडली तर तिला इस्त्री करू नये, धुऊ नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. इस्त्रीने छपाईचा उठाव बसतो. लॅमिनेशन केलेली नोट संग्राहकाच्या लेखी संपली. साध्या प्लास्टिकच्या पिशवीऐवजी पॉलिएस्टरचे पारदर्शक पाकीट वापरावे. ती कोणत्या वहीत, कोणत्या पानाशी, कोणाच्या घरी सापडली, हे निराळ्या लिफाफ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. आणि लिहून झाल्यावरच नोट आत घालावी. आधी घातली तर पेन्सिलीचा दाब नोटेवर उमटतो.