संकेतस्थळावरील पानाचा सर्व्हरशी पत्रव्यवहार

(शिक्षक-संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अलीकडे अनेक शाळांची स्वतःची संकेतस्थळे झाली आहेत. त्यांतील काही वर्डप्रेससारख्या मजकूर-व्यवस्थापन प्रणालीवर उभारलेली असतात. कारण प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या शिक्षकासही तीत सूचना लिहिता येते, चित्र लावता येते व पान बदलता येते. पुढे गावातील एखादा संगणक शिकलेला तरुण तीत प्रवेशअर्जाचा नमुना बसवून देतो. पालक शेतातून परतल्यावर मोबाइलवर तो अर्ज भरतो आणि ‘पाठवा’ हे बटण दाबतो. पान जागचे हलत नाही. आता अर्ज शाळेकडे पोचला, वाटेत अडकला, की पोचूनही नाकारला गेला, हे त्या पालकास कळावयाचे कसे? पोचला असे समजून तो निश्चिंत झाला आणि अर्ज पोचलाच नसला, तर जूनमध्ये मुलाचे नाव यादीत सापडणार नाही. प्रस्तुत विवेचन या एका प्रश्नापुरते आहे.

पान ज्या प्रोग्रॅममुळे मोबाइलवर दिसते तो ब्राउझर, आणि शाळेची माहिती ज्या दूरच्या संगणकावर ठेवलेली असते तो सर्व्हर. आरंभीच्या काळात या दोघांतील व्यवहार सरळ असे. ब्राउझरने मागणी करावी, सर्व्हरने संपूर्ण पान तयार करून धाडावे, ब्राउझरने जुने पान पुसून नवे मांडावे. एका ओळीचा बदल हवा असला तरी सारे पान पुन्हा यावे लागे. यात वेळ जाई, हे खरे. तथापि या रीतीत एक गुण होता आणि त्याचा हल्ली विसर पडला आहे. पान बदलले की काहीतरी घडले, हे कोणासही दिसे. जोडणी तुटली तर ब्राउझर स्वतःच तसे मोठ्या अक्षरांत सांगे.

मार्च १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ५ या ब्राउझरबरोबर एक नवी सोय आणली. आउटलुकमधील टपाल ब्राउझरमध्ये वाचता यावे, यासाठी ती मुळात निर्माण झाली होती. पान न पुसता पडद्यामागून सर्व्हरकडे विनंती धाडावी आणि आलेल्या उत्तराने पानाचा तेवढाच भाग बदलावा, असे तिचे स्वरूप होते. पुढे इतर ब्राउझरांनीही ती स्वीकारली. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आल्यावर तिचे सामर्थ्य सर्वांच्या ध्यानात आले. नकाशा ओढावा आणि पुढचा मुलूख आपोआप उमटावा, हे त्या काळी नवलाचेच होते. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीस ‘अजॅक्स’ हे नाव दिले. नावातले अखेरचे अक्षर एक्सएमएल या मांडणीचे आहे. आज उत्तरे बहुधा जेसन नावाच्या दुसऱ्याच मांडणीत येतात, पण नाव मात्र टिकले. गावाची वेस पडून गेली तरी लोक ‘वेशीजवळ’ म्हणतातच.

अशा विनंतीस असिंक्रोनस म्हणतात. म्हणजे धाडणारा उत्तराची वाट पाहत खोळंबून राहत नाही. ही कल्पना एकशिक्षकी शाळेतील गुरुजींना वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. चौथीला गणिते सोडवावयास द्यावीत, दुसरीला शुद्धलेखन द्यावे आणि पहिलीसमोर बाराखडी घेऊन बसावे, हे त्यांचे नित्याचे काम. चौथीतील मुलाने हात वर केला तरी गुरुजी पहिलीचे चालू वाक्य पुरे करतात आणि मगच त्याची पाटी तपासतात. ब्राउझरमधील पानाचा प्रोग्रॅमही असाच एकटा शिक्षक आहे. एका वेळी एकच काम तो हातात घेतो. विनंती धाडतो, दुसऱ्या कामास लागतो, आणि उत्तर आले की हातचे काम संपवून त्याकडे वळतो. ज्या मुलाने हातच वर केला नाही त्याच्याकडे केव्हा पाहावे, हे गुरुजी अनुभवाने जाणतात. प्रोग्रॅमला ते आधी लिहून द्यावे लागते, आणि घोटाळा होतो तो बहुधा येथेच.

आता वर्डप्रेसमध्ये या विनंतीची वाट कशी आहे ते पाहू. या प्रणालीची पहिली आवृत्ती मे २००३ मध्ये निघाली. पडद्यामागील विनंत्यांसाठी तीत अ‍ॅडमिन-अजॅक्स नावाची एक फाइल आहे. तिला कचेरीची खिडकी म्हणावे. विनंतीसोबत ‘अ‍ॅक्शन’ या मथळ्याखाली कामाचे नाव धाडावयाचे, आणि त्या नावाशी जोडलेला कोड प्रणाली चालवते. ही जोडणी दोन प्रकारे करावी लागते. लॉगिन केलेल्या व्यक्तीसाठी एक आणि लॉगिन न केलेल्या अभ्यागतासाठी दुसरी. दुसरीच्या नावात ‘नोप्रिव्ह’ हा शब्द असतो. संकेतस्थळ तयार करणारा तरुण सदैव लॉगिन केलेला असतो. त्याने केवळ पहिली जोडणी केली, तर त्याच्या संगणकावर अर्ज बिनतक्रार जातो, आणि पालकास मात्र सर्व्हरकडून एकच अंक परत येतो: शून्य. ‘माझ्याकडे तर चालते’ हे उत्तर या क्षेत्रात वारंवार ऐकू येते, त्याचे एक कारण हे आहे. शून्याचा आणखी एक प्रकार आहे. काम झाल्यावर कोडने तेथेच थांबावे लागते. तो थांबला नाही तर खऱ्या उत्तराच्या शेपटास शून्य चिकटते आणि पानाला ते उत्तर वाचता येत नाही.

उलट दिशेची चूक अधिक घातक होय. सूचना काढून टाकण्याचे काम अभ्यागताच्या वाटेस जोडले, तर जगातील कोणीही शाळेची सूचना पुसू शकेल. केवळ लॉगिन पाहूनही भागत नाही. त्या व्यक्तीस ते काम करण्याचा अधिकार आहे काय, हे सर्व्हरने स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. पानावर बटण लपवणे म्हणजे अधिकार काढून घेणे नव्हे. यासोबत ‘नॉन्स’ नावाचा एक सांकेतिक शिक्का विनंतीला जोडतात. विनंती आपल्याच पानावरून, त्याच व्यक्तीच्या इच्छेने आली, एवढेच तो सांगतो. अधिकार सांगत नाही. या शिक्क्याची मुदत मूळ योजनेप्रमाणे फार तर २४ तास असते. संकेतस्थळ वेगवान व्हावे म्हणून पानाची तयार प्रत साठवून तीच सर्वांना देण्याची सोय अनेकजण वापरतात. ती प्रत दोन दिवसांची झाली की तिच्यातील शिक्का बाद होतो, आणि सकाळपर्यंत चालणारा अर्ज अकस्मात बंद पडतो. कोडमध्ये कोणी हात घातलेला नसतो, म्हणून कारण शोधणारा चक्रावून जातो.

डिसेंबर २०१६ मधील ४.७ या आवृत्तीपासून सूचना, पाने इत्यादी मजकुरासाठी रेस्ट एपीआय ही दुसरी वाट मूळ प्रणालीतच आली आहे. नव्या कामास ती अधिक स्वच्छ पडते. मात्र कोणतीही वाट घेतली तरी प्रत्येक विनंतीला सर्व्हरवर वर्डप्रेसचे बरेचसे दप्तर उघडावेच लागते, हे विसरू नये. शोधपेटीत दर अक्षराला एक विनंती धाडली तर स्वस्तातल्या सर्व्हरची दमछाक होते. लिहिणाऱ्याचा हात क्षणभर थांबेपर्यंत वाट पाहून मग एकच विनंती धाडावी.

शोधपेटीचा आणखी एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे. विनंत्या ज्या क्रमाने गेल्या त्याच क्रमाने उत्तरे येतील, असा नियम नाही. कोणी ‘पा’ लिहिले आणि लगोलग ‘पाटण’ पुरे केले. ‘पाटण’चे उत्तर आधी आले, पानावर उमटले, मागाहून ‘पा’चे लांबलचक उत्तर येऊन त्यावर बसले. पेटीत एक शब्द आणि खाली भलतीच यादी! यास्तव प्रत्येक विनंतीला अनुक्रम द्यावा आणि शिळे उत्तर टाकून द्यावे.

आता मूळ प्रश्न. विनंती गेल्यावर तीन गोष्टी संभवतात: होकार येईल, नकार येईल, किंवा काहीच येणार नाही. हौशी कोडमध्ये बहुतेक वेळा पहिल्याचीच व्यवस्था असते. हल्ली ज्या ‘फेच’ या सोयीने विनंती धाडतात, ती सर्व्हरने ‘सापडले नाही’ किंवा ‘आत बिघाड झाला’ असे कळवले तरी त्यास अपयश मानत नाही. उत्तर आले एवढेच पाहते. उत्तरातील स्थितिक्रमांक वेगळा तपासावा लागतो. तसेच किती वेळ वाट पाहावी, हेही ती स्वतः ठरवत नाही. ती मुदत घालून द्यावी लागते. न घातल्यास डोंगराआडच्या वस्तीवरील पालक फिरते चक्र बघत बसतो.

तिसऱ्या प्रकारात एक सूक्ष्म अडचण आहे. उत्तर आले नाही, याचा अर्थ काम झाले नाही असा होत नाही. कदाचित अर्ज सर्व्हरवर पोचून नोंदलाही गेला असेल आणि केवळ पोच वाटेत हरवली असेल. पालक पुन्हा बटण दाबतो आणि एका मुलाचे दोन अर्ज होतात. पहिल्या दाबानंतर बटण बंद करणे हा अर्धाच उपाय, कारण पान पुन्हा उघडताच ते मोकळे होते. यावरचा उपाय शाळेच्या दप्तरातच आहे. जावक क्रमांक घातलेले पत्र दोनदा पोचले तरी आवक नोंदवहीत ते एकच ठरते. त्याप्रमाणे पानाने अर्जाला आरंभीच एक वेगळा क्रमांक द्यावा, पुन्हा धाडताना तोच ठेवावा, आणि त्या क्रमांकाचा अर्ज आधी आलेला असल्यास सर्व्हरने नवी नोंद न करता जुनीच पोच परत द्यावी. मग पालकाने दहा वेळा बटण दाबले तरी बिघडत नाही.

वर्डप्रेसने स्वतःच्या लेखन-संपादकात ही काळजी घेतलेली दिसते. ऑगस्ट २०१३ च्या ३.६ या आवृत्तीत ‘हार्टबीट’ ही सोय आली. लेखन चालू असता पान ठराविक सेकंदांनी सर्व्हरची विचारपूस करते. तोच लेख दुसरा कोणी संपादित करीत असल्यास सांगते. मजकुराची एक प्रत ब्राउझरमध्येही राखते. हे सारे पडद्यामागे चालते. पण लिहिणाऱ्यास जे कळणे अवश्य ते पडद्यावर येते.

शाळेच्या अर्जासाठी याहून पुष्कळ कमी पुरेल. कोड तरुण लिहील; मात्र पानावर उमटणारी वाक्ये शिक्षकाने लिहून द्यावीत, कारण पालकाशी बोलणे हे शिक्षकाचे काम आहे. ‘अर्ज मिळाला, नोंद क्रमांक अमुक, हा लिहून ठेवावा.’ ‘जन्मतारीख राहिली आहे, ती भरून पुन्हा पाठवावे.’ ‘शाळेकडून पोच आली नाही, भरलेली माहिती येथेच आहे, थोड्या वेळाने पुन्हा पाठवावे, दोन नोंदी होणार नाहीत.’ हे शेवटचे आश्वासन वरील क्रमांकाची व्यवस्था असेल तरच छापावे. आणि पडद्यामागची वाट बंद पडली तरी अर्ज जुन्या रीतीने, पूर्ण पान बदलून, जाईल अशी तजवीज ठेवण्यास तरुणास सांगावे. ती फारशी अवघड नसते.

संकेतस्थळ लोकांस खुले करण्यापूर्वी त्यातून लॉगआउट व्हावे, साधा मोबाइल घ्यावा आणि एक खोटा अर्ज भरावा. भरून झाल्यावर मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, बटण दाबावे आणि पानावर काय उमटते ते पाहावे. मग इंटरनेट चालू करून पुन्हा दाबावे. शेवटी सर्व्हरवरील यादी उघडून त्या नावाच्या नोंदी मोजाव्यात.